आबांचा बहिरा कान

अगं, तू नुसतं ऐक. मधे बोलू नकोस, नाहीतर माझा धागा तुटतो आणि मग परत पहिल्यापासून सांगावं लागतं. टिल्लूचं सांगतेय. टिल्लू म्हणजे ती गं, मोटार वाइंडिंगच्या दुकानातली. लहानपणी इवलीशी होती म्हणून टिल्लू, आणि आता दारातून वाकून यावं लागतं तरी टिल्लूच.

तर तिचे आबा गेले. झोपेतच गेले, चांगले पिकलं पान होऊन गेले. सगळी गल्ली त्यांना तोफखाना म्हणायची. तरुणपणी सैन्यात तोफेवर होते, लढाईला गेले, परत आले, आणि आले ते एक कान तिथेच देऊन. म्हणजे कान होता गं जागेवर, चांगला सुपाएवढा! पण आतून बंद. तोफ शेजारीच उडाली आणि कायमचा बंद.

पण माणूस कसला कामसू! आल्या आल्या एक खोली भाड्यानं घेतली आणि जळलेल्या मोटारी भरायला बसले. आतली काळी पडलेली तार उपसून काढायची, खाचांतून नवी तांब्याची तार भरायची, व्हार्निश पाजायचं, भट्टीत वाळवायचं. आयुष्यभर तेच. दोन मुलगे, एक मुलगी, मुलांची शिक्षणं, मुलीचं लग्न, दुकानावरचा मजला, सगळं त्या तारेतून निघालं. आणि सैन्य काही अंगातून गेलं नाही हं. घरात जेवायच्या आधी हजेरी! आबा एकेकाचं नाव घेणार आणि त्यानं 'हजर' म्हणायचं, मगच वाढायचं. जावई पहिल्यांदा जेवायला आला तेव्हा म्हणाला, "हा काय, समोरच बसलोय की." आबांनी त्याचं नाव परत घेतलं. परत घेतलं. शेवटी भाजी गार व्हायला लागली तेव्हा तो बिचारा 'हजर' म्हणाला.

आता मुद्द्याचं. कान.

घरात नियम काय, तर आबांचा डावा कान बहिरा. बोलायचं ते उजव्या कानाशी, आणि ओरडून. कारण उजव्या बाजूनं हळू बोललं तर तेही त्यांच्यापर्यंत पोचायचं नाही. मग घरातल्यांनी ठरवून टाकलं की तोही जरा कच्चाच असणार, आणि आवाज आणखी चढवला. आजीचा आवाज तर असा कमावलाय की ती "दूध आणा!" म्हणाली की तीन घरं पलीकडची माणसं पिशवी शोधायची.

आणि डावा कान? अगं, तिथे तर मजा. एवढा मोठा कान नुसता रिकामा पडलेला दिसला की माणसाला राहवतं का? कुणाचं कुणाशी बिनसलं, कुणाला रडू आलं, कुणाला मनातलं कुठेतरी ओकून टाकायचं असलं, की ते आबांच्या डावीकडे जाऊन बसायचं आणि हळूच सगळं सांगून मोकळं व्हायचं. आबा तार गुंडाळत असायचे. चेहऱ्यावरची रेष हलायची नाही. घरात तो शब्दच झाला होता. टिल्लू धुसफुसायला लागली की तिची आई म्हणायची, "फार झालंय तुला. जा, डावीकडे बसून ये."

आणि ऐक, स्क्रूड्रायव्हर! मोटारीचं बेअरिंग खराब आहे का बघायचं असेल ना, तर मोटार चालू करतात, स्क्रूड्रायव्हरचं टोक तिच्या अंगाला टेकवतात आणि मूठ कानाला लावतात. आतली खरखर ऐकू येते. तर आबा ती मूठ डाव्या कानाला लावायचे. डाव्या! बहिऱ्या! आणि अचूक सांगायचे, मागचं बेअरिंग गेलंय. काका, म्हणजे त्यांचा धाकटा मुलगा, गिऱ्हाइकांना छाती फुगवून दाखवायचा, "बघा! बहिऱ्या कानानं ऐकतात! हाडातून जातं त्यांना!" गिऱ्हाइकं तोंडात बोट घालायची. त्याच्यावर दुकानाचं नाव झालं. आणि इतक्या माणसांतल्या एकाच्याही डोक्यात आलं नाही, की बाबांनो, अहो... जाऊ दे. पुढे ऐक.

आबा गेले आणि आजी गप्प झाली. आजी! जिच्या आवाजानं कावळे उडायचे ती! कुणाशी बोलेना, धड जेवेना. आबांची खुर्ची दुकानात जिथे होती तिथेच, आणि ही तिच्या डाव्या बाजूला स्टूल टाकून दिवसभर बसलेली. काका समजावून थकला, टिल्लूचे बाबा समजावून थकले. शेवटी एका संध्याकाळी टिल्लू जाऊन तिच्यापाशी जमिनीवर बसली. म्हणाली, "आजी, काय होतंय ते सांग तरी."

आजी म्हणाली, "जन्मभर मी त्या माणसावर ओरडले गं. दूध आणा, पंखा बघा, अंघोळीला जा. त्यांच्या कानात गेलं ते एवढंच."

"मग? ऐकू यायचं नाही म्हणून ओरडायचीस."

"एक गोष्ट होती. तोंडावर सांगायची लाज वाटायची. म्हणून रोज संध्याकाळी डावीकडे बसून सांगायचे." आजीनं पदर तोंडाला लावला. "तुम्ही परत आलात, बरं झालं. एवढंच. लढाईतून आले ना ते, बाकीच्यांचे नाही आले. रोज म्हणायचे. आणि गेले बघ तसेच, न ऐकता. एकदा तरी उजवीकडे बसायला काय झालं होतं मला?"

टिल्लूनं आजीचा हात धरला आणि दोघी रिकाम्या खुर्चीकडे बघत बसल्या.

आता आठवणींची सभा. काकानं ठरवलं, दुकानातच करायची. मोटारी भिंतीला सरकवल्या, खुर्च्या मांडल्या, समोर टेबलावर आबांचा फोटो. गिऱ्हाइकं येणार, शेजारीपाजारी येणार, आणि घरातल्या प्रत्येकानं दोन शब्द बोलायचे. टिल्लू सकाळपासून खुर्च्या पुसत होती, तेवढ्यात एक म्हातारे गृहस्थ आत आले. ताठ, पॉलिश केलेले बूट. आबांचे पलटणीतले दोस्त. आबा त्यांना कायम जोडीदार म्हणायचे, म्हणून घरात ते जोडीदार आजोबा. लांब राहायचे, क्वचित यायचे. सगळ्यांच्या आधी येऊन पोचले होते.

फोटोसमोर उभे राहिले, सलाम ठोकला, मग वाकून फोटोतल्या एका कानावर बोट टेकवलं. "हा. हा माझ्या डोळ्यादेखत गेला."

टिल्लू म्हणाली, "आजोबा, तो चांगला. बहिरा पलीकडचा."

"हाच."

"डावा बहिरा होता."

"उजवा."

"अहो, आमच्या घरातला माणूस आहे!"

"आणि माझ्या तोफेवरचा माणूस आहे! मी ह्या बाजूला, तो त्या बाजूला. फिर. फिर पाठमोरी! आता उजवा हात वर कर. हां. तोफ उडाली ती त्या बाजूला. तिकडचा कान. उजवा."

टिल्लू हात वर करून दुकानाच्या मधोमध उभी. आणि तिला एकदम तो स्क्रूड्रायव्हर आठवला. हात तसाच वर राहिला.

"मग घरात सगळे..."

जोडीदार आजोबा इतके हसले की कवळी सावरावी लागली. "सांगतो. आता तो गेला, शपथ संपली. हा लढाईवरून घरी आला. दारात तुझी आजी, नवी नवरी, मागे सगळी माणसं जमलेली. तिला लाज. त्याच्या कानाला हात कसा लावणार? म्हणून तिनं स्वतःच्या डाव्या कानाला हात लावून विचारलं, 'हा?' समोरासमोर उभे ना! तिचा डावा तो ह्याच्या उजव्यासमोर. हा म्हणाला, 'हाच.' झालं! ती जी त्या दिवसापासून ह्याचा डावा बहिरा धरून बसली..."

"आणि त्यांनी सांगितलं नाही?"

"मी म्हटलं की त्याला, अरे सांग. तर म्हणतो, जोडीदार, दिवसभर ती बंद कानात ओरडते, ते अर्धंच पोचतं. आणि संध्याकाळी उघड्या कानाशी हळू बोलते. अशी सोय कुणाच्या नशिबात असते? गप्प बस, तुला शपथ आहे."

"संध्याकाळी ती काय बोलायची, ते सांगितलं?"

"छे. विचारलं तर तार गुंडाळायला लागला."

आणि मग अगं, टिल्लूच्या डोक्यात जो काय दिवा पेटला! आपण आबांच्या डाव्या कानात काय काय सांगितलं? गणितात नापास झाले ते सांगितलं. आणि दुसऱ्या दिवसापासून आबांनी तिला दुकानात बसवून तारेचे वेढे मोजायला लावले होते. 'आबा, तुमच्या हातचा चहा म्हणजे व्हार्निश' असं सांगितलं. त्यानंतर आबांनी चहा केला नाही. आणि... बेअरिंगवाला. नाक्यावरच्या बेअरिंगच्या दुकानातला तो. तो आपल्याला आवडतो, हे तिनं फक्त आणि फक्त त्या कानात सांगितलं होतं. आणि मग आबा बघावं तेव्हा हिलाच बेअरिंग आणायला पाठवायचे. फळ्या भरल्या, खोकी भरली, पलंगाखाली बेअरिंग, आणि आबा म्हणतात, "जा गं टिल्लू, अजून दोन आण."

टिल्लूचे कान लाल. इकडे माणसं यायला लागली. बेअरिंगवालाही आला, तिसऱ्या रांगेत बसला. आजीला धरून आणलं. तिनं आपलं स्टूल खुर्चीच्या डावीकडे ओढून घेतलं आणि बसली. आता टिल्लूची पंचाईत बघ तू. हे सांगितलं तर आजीला कळेल की तिचं वाक्य रोज पोचत होतं. पण त्याच कानात आजीनं आबांना काय काय ऐकवलं असेल! भांडण झालं की तीही डावीकडेच बसायची. म्हणजे जन्मभर आपण फसलो, हेही कळणार. आणि घरातले बाकीचे? प्रत्येकानं तिथे मनातलं ओकून टाकलेलं. टिल्लूनं ठरवलं, गप्प बसायचं. आजचा दिवस जाऊ दे.

पहिला उठला जावई. आबांच्या फोटोकडे हात करून म्हणाला, "आमचं नातं सासरे-जावयाचं नव्हतं, बापलेकाचं होतं. मी ह्या घराला कधी नावं ठेवली नाहीत." टिल्लूनं ओठ चावला.

मग काका. काकाचा रुबाब तुला माहीत आहे, बाह्या दुमडून, मिशीला पीळ. म्हणाला, "आबांचा सगळ्यात मोठा गुण कोणता? आबांनी जन्मात कधी कुणाचं उणंदुणं ऐकलं नाही!"

जोडीदार आजोबांना ठसका लागला. टिल्लूला हसू येत होतं का रडू, तिलाच कळत नव्हतं. तिनं मान खाली घातली. आणि काका म्हणाला, "आता आबांची लाडकी नात बोलेल."

टिल्लू उठली. पाठ केलेलं भाषण होतं, मेहनत, शिस्त, देशसेवा, सगळं. फोटोपाशी गेली, वळली, आणि समोर आजी. अंग चोरून, मान खाली घालून स्टुलावर बसलेली. घरी नसलेल्या माणसाच्या दारात कुणी बसावं तशी. लोक वाट बघतायत. काका खुणा करतोय, बोल, बोल. आणि टिल्लू टेबल सोडून चालत आजीपाशी गेली, वाकली आणि तिच्या कानाशी लागून अगदी हळू सांगितलं. जोडीदार आजोबांनी सांगितलेलं सगळं. आणि शेवटी म्हणाली, "आजी, त्यांना ऐकू येत होतं. रोज."

हळू सांगितलं हं तिनं! शपथेवर सांगते म्हणाली. पण आजीला कुठे हळू बोलता येतं? जन्मभर एका कानासाठी घसा कमावलेला! आजीनं मान वर केली आणि अख्ख्या दुकानाला हादरा बसेल अशा आवाजात विचारलं,

"काऽय? डाव्या कानानं ऐकू येत होतं?"



काका म्हणाला, "काहीतरीच काय! आई, तू दमलीयेस..."

जोडीदार आजोबा उभे राहिले. "उजवा गेला होता, वहिनी. डावा ठणठणीत."

आणि मग अगं, एकेकाचा चेहरा! टिल्लू म्हणते, कुणी कुणाकडे बघेना. जावई बसला होता गादीच्या खुर्चीत. तो एकदम उठलाच आणि खुर्चीकडे बघायला लागला. "तरीच! मी पहिल्यांदा आलो तेव्हा म्हटलं होतं, ह्या घरात बसायला धड खुर्ची नाही. आणि पुढच्या खेपेला ही आली!"

आत्या, म्हणजे जावयाची बायको, म्हणाली, "तुम्ही माझ्या माहेरच्या खुर्च्यांना नावं ठेवलीत?"

"बहिऱ्या कानात ठेवली गं!"

तेवढ्यात काका. काका फोटोकडे बघत होता, आणि त्याच्या तोंडून निघून गेलं, "म्हणजे... करंटचं पण?"

पुढच्या रांगेतलं एक गिऱ्हाईक म्हणालं, "करंटचं काय?"

"काही नाही."

"नाही, करंटचं काय?"

आता सगळ्यांना आठवलं. दुकानात मोटार भरून झाली की बोर्डावर लावून बघायची असते, चालते का. ते काम आबा कुणाला करू द्यायचे नाहीत. शेवटपर्यंत, हात थरथरायला लागले तरी. "बोर्डाला कुणी हात लावायचा नाही, ते माझं काम." सगळ्यांना वाटायचं, म्हातारा हट्टी आहे. आणि काका, एवढा मिशीवाला काका, मोटारवाइंडिंगवाल्याचा मुलगा, त्याला करंटची भीती! तरुणपणी कधीतरी डावीकडे बसून रडत सांगितलं होतं. गिऱ्हाईक तसं भलं. म्हणालं, "मलाही वाटते हो." पण व्हायचं ते नुकसान झालं होतं.

टिल्लूची आई टिल्लूकडे बघून म्हणाली, "आणि तू? तू काय सांगितलं होतंस?"

"गणितात नापास," टिल्लू म्हणाली आणि तिसऱ्या रांगेकडे अजिबात बघितलं नाही.

आणि आजी! आजी उठली. कुणाचा हात घेतला नाही. तरातरा फोटोसमोर गेली आणि कमरेवर हात ठेवून सुरू झाली. इतके दिवस गप्प होती ना, सगळं एकदम! "फसवलंत मला? मी तुम्हाला ठोंब्या म्हणाले, तुमच्या बहिणीला नाही नाही ते बोलले, आणि तुम्ही मख्खासारखे तार गुंडाळत बसलात? लाज नाही वाटली? माझा घसा फुटायची वेळ आली इकडे बंद कानात बोंबलून! एक शब्द सांगायला काय झालं होतं?" पलीकडच्या गल्लीतली माणसं दारात येऊन उभी राहिली. काका म्हणाला, "आई, अगं लोक आहेत." "असू देत! हजर आहेत ना? ऐकू देत!"

मग एकदम थांबली. दम लागला होता. फोटोच्या जवळ सरकली, डाव्या बाजूनं, आणि वाकून काहीतरी बोलली. अगदी हळू. टिल्लू हातभर अंतरावर होती, तिलाही ऐकू आलं नाही. पण ओठ दिसले तिला, आणि काय म्हणाली ते तिला माहीतच होतं.

मग आजी वळली, नाक पुसलं आणि म्हणाली, "भूक लागलीय मला."

संपलं असं वाटतंय ना तुला? कुठलं! काका आता टिल्लूशी बोलत नाही. म्हणतो, सांगायचं होतं तर घरी नेऊन, दार लावून सांगायचं, भर सभेत गिऱ्हाइकांसमोर माझं नाक कापलंस. जावई परत फिरकलेला नाही, आत्या घरच्या सगळ्या खुर्च्या मोजून बघतेय म्हणे. आजी पोटभर जेवते, गल्लीला ऐकू जाईल असं ओरडते, एकदम ठणठणीत. पण परवा भाजी निवडता निवडता मधेच थांबली आणि टिल्लूला म्हणाली, "त्यांच्या आईच्या आजारपणात मी एकदा फार वाईट बोलले होते गं, डावीकडे. तेही ऐकलं असेल. आता रोज एकेक आठवतं मला." आणि परत भाजी निवडायला लागली. टिल्लू म्हणते, ते एक वाक्य पोचलं हे कळावं म्हणून मी सांगितलं, पण त्याच्यासोबत सगळंच पोचलं की. नसतं सांगितलं तर ती स्टुलावर तशीच बसून राहिली असती. सांगितलं तर हे.

मला विचारत होती, मी बरोबर केलं का. आता तू बोल. आजी समोर तशी बसलेली, सगळं घर रांगेत, आणि गोष्ट तुझ्या एकटीच्या पोटात. तू काय केलं असतंस?